पाचवा प्लेअर लिनक्सवर आहे

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर गेम चालतात का? वर्षभराच्या अनुभवानंतर उत्तर आहे, बहुतेक चालतात. जे चालत नाहीत त्यांचं कारण मात्र लॅपटॉपमध्ये सापडत नाही.

रात्री साडेदहा वाजले की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज पडतो, 'येताय का?' डिग्री संपली आणि आम्ही पाच जण पाच दिशांना पांगलो. एक जण बेंगळुरूला नोकरीला, एक जण नाशिकला घरच्या दुकानात, एक मैत्रीण मुंबईत, एक जण पुण्यातच पण पार हिंजवडीला, म्हणजे परगावीच धरा. आणि मी इथे, दोन रूममेट्ससोबत पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये. भेटी कमी झाल्या, पण साडेदहाला पाचही जण हेडफोन लावून एका ऑनलाइन शूटर गेममध्ये हजर असायचो. त्या गेमला पाच जणांची टीम लागते आणि आम्ही बरोब्बर पाच. तसं बघितलं तर गेम हे निमित्त होतं. कोणाचा बॉस कसा आहे, कोणाच्या घरी लग्नाचा विषय निघाला, कोणी आज परत मॅगीवरच भागवलं, हे सगळं मॅच सुरू असतानाच बोलून व्हायचं.

ऑक्टोबरपासून त्या टीममधली पाचवी मी नाही. आमचं भांडण झालेलं नाही, माझं नेट गेलेलं नाही. मी लॅपटॉपवरून विंडोज काढून लिनक्स टाकलं, एवढंच झालं.

'लिनक्सवर गेम चालत नाहीत' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कॉलेजच्या लॅबमधल्या त्या काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करताना कोणाच्या मनात गेमचा विचार येणार? मीही तेच धरून चालले होते. पण आज माझ्या लायब्ररीतल्या तीसेक गेमपैकी दोन सोडले तर बाकी सगळे या लॅपटॉपवर चालतात. एवढं सगळं चालत असूनही मी त्या टीमबाहेर का, हे शोधताना गेमपेक्षा वेगळंच बरंच काही हाती लागलं.

एका पिढीने हुकलं

लॅपटॉप मूळचा दादाचा. त्याने २०१७ मध्ये इंजिनीअरिंगला जाताना घेतला, चार वर्षं वापरला आणि ऑफिसचा मिळाल्यावर मला दिला. दादाची सायकल आणि दादाची गाइडं वापरून झाली होती, त्यामुळे लॅपटॉपचंही काही वाटलं नाही. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि २५६ जीबीची एसएसडी. आजच्या हिशेबात म्हातारा, पण धडधाकट.

अडचण वयाची नव्हती, तारखेची होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ती यादी थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. आमचा सातवा. एका पिढीने हुकलं! सुरक्षा अपडेटसाठी वर्षभराची वाढीव मुदत घेता येत होती, पण ती म्हणजे एटीकेटी. विषय सुटत नाही, पुढे ढकलला जातो. नवा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा तर साठ-सत्तर हजारांच्या खाली बात नाही, आणि माझा स्टायपेंड किती आहे हे याच पेपरात छापणं काही बरं दिसणार नाही.

तशी लिनक्सची ओळख त्याच्या काही महिने आधीच झाली होती. 'पेन ड्राइव्हवर टाकून बघ ना, काही मोडत नाही,' असं दादा फोनवर म्हणाला होता. हे खरं निघालं. लिनक्स मिंटची साधारण तीन जीबीची फाइल उतरवली, पेन ड्राइव्हवर चढवली आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला. इन्स्टॉल न करता पूर्ण डेस्कटॉप समोर! खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय. रूममेटने मागून बघून विचारलं, 'विंडोजची थीम बदललीस का?'

इथे थोडं थांबून एक गोंधळ दूर करते. लिनक्स हे मुळात इंजिन आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने ते लिहायला घेतलं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. म्हणजे आपल्याच वयाचा. त्याने नवीन घेतलेल्या ३८६ कॉम्प्युटरवर सुरुवातीचे कित्येक दिवस 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळण्यात घालवले होते, हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल जास्तच आपुलकी वाटली. त्याच्या या इंजिनाचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे त्यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गाड्या बांधल्या. मिंट, उबुंटू, फेडोरा, आर्च ही त्या गाड्यांची नावं. त्यांना डिस्ट्रो म्हणतात.

मी आधी विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवलं. चालू करताना हवं ते निवडायचं. ऐकायला छान वाटतं, पण २५६ जीबीत दोन संसार थाटले की दोन घरचा पाहुणा उपाशी. विंडोजमध्ये शूटर गेमच्या अपडेटला जागा नाही, मिंटमध्ये दुसरा गेम टाकायला जागा नाही. ऑक्टोबर आला तेव्हा एकाला निवडणं भाग होतं. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज असतात, तो अपडेट बंद झालेल्या सिस्टीमवर ठेवायला धीर होईना. मिंट राहिलं.

मेस तीच, आचारी नवा

आता मुख्य प्रश्न. गेम विंडोजसाठी बनवलेला, मग तो लिनक्सवर चालतोच कसा?

समजा, तुम्ही वर्षानुवर्षं एकाच मेसमध्ये जेवताय. बसलात की 'नेहमीचं' म्हणता आणि पोळी-भाजी, वरण-भात समोर येतं. गेमचंही तसंच असतं. त्याला फाइल उघडायची असते, आवाज काढायचा असतो, स्क्रीनवर चित्र आणायचं असतं. प्रत्येक वेळी तो विंडोजच्या ठरलेल्या शब्दांत ऑर्डर सोडतो. आता समजा, मेसचा आचारी बदलला, आतलं स्वयंपाकघरही बदललं. पण वाढपी असा हुशार ठेवला, की जुन्याच शब्दांतली ऑर्डर ऐकून तो नव्या स्वयंपाकघरातून तेच ताट आणून देतो. गेमला पत्ताही लागत नाही. हा वाढपी म्हणजे 'वाइन' नावाचं सॉफ्टवेअर. त्यावर १९९३ पासून काम सुरू आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या जन्माच्या आधीपासून.

यात गेम लॅपटॉपच्या प्रोसेसरवर थेटच चालतो, मध्ये कुठला खोटा कॉम्प्युटर उभा केलेला नसतो. म्हणून वेग फारसा पडत नाही. खरी मेख होती ती थ्रीडी ग्राफिक्सची. विंडोजवरचे बहुतेक गेम डायरेक्ट-एक्स या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत ग्राफिक्स कार्डशी बोलतात. लिनक्सला ती येत नाही, त्याला व्हल्कन ही खुली भाषा येते. या दोन भाषांमधला चांगला दुभाषा बराच काळ नव्हता. तो तयार झाला एका गेमरच्या हट्टातून. फिलिप रेबोल या डेव्हलपरला 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. चालत नव्हता, म्हणून त्याने डायरेक्ट-एक्सचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारं 'डीएक्सव्हीके' स्वतः लिहायला घेतलं. आपण फार तर रिफंड मागितला असता!

पुढे या कामाला पैसा पुरवला तो 'वाल्व्ह' या कंपनीने. 'काउंटर-स्ट्राइक'वाली आणि स्टीम हे गेमचं दुकान चालवणारी हीच ती कंपनी. तिचा प्रमुख गेब न्यूवेल हा स्वतः आधी मायक्रोसॉफ्टमध्ये होता. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप स्टोअर होतं. उद्या दुकानाची जागाच मालकाने बंद केली तर, ही धास्ती न्यूवेलने तेव्हा उघड बोलून दाखवली होती. त्यामुळे वाल्व्हने २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आणलं. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशीन्स' बाजारात आणली आणि ती सपशेल आपटली, कारण त्यावर खेळायला पुरेसे गेमच नव्हते. डेव्हलपर लिनक्ससाठी गेम बनवत नाहीत कारण खेळणारे नाहीत, आणि खेळणारे येत नाहीत कारण गेम नाहीत.

हा फेरा मोडला २०१८ च्या ऑगस्टमध्ये. वाल्व्हने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर लागणारं सगळं एकत्र बांधून 'प्रोटॉन' आणलं आणि ते स्टीमच्या आतच बसवलं. डेव्हलपरने वेगळं काही करायची गरज उरली नाही. २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा 'स्टीम डेक' आला, तोही आर्च लिनक्सवर बांधलेला. त्याच वर्षी 'एल्डन रिंग' रिलीज झाला तेव्हा विंडोजवर तो मध्येमध्ये अडखळत होता. वाल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये त्यावर उपाय केला आणि लिनक्सवर तो अडखळणं बरंच कमी झालं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. ३ टक्के म्हणजे कमीच, पण वर्गात शंभरातले तीन जण एकाच बाकावर बसले की दिसतात तरी.

चहा होईपर्यंत शेडर

हा झाला इतिहास. रोजचं खेळणं कसं असतं, ते आता सांगते.

मिंटवर मी पहिला गेम टाकला तो 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० मध्ये आलेला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट. दादाच्या लॅपटॉपवर हाच गेम आधी लावणं योग्य वाटलं. स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबलं, मग 'प्ले' दाबलं. आता एरर येणार म्हणून मी फोनवर दादाला तयार ठेवलं होतं. गेम सुरू झाला. दादा म्हणाला, 'मग ठेवू का?' कमांड एकही टाइप केली नव्हती.

'स्टारड्यू व्हॅली', 'सेलेस्ट', 'होलो नाइट' यांच्या तर लिनक्ससाठीच्याच आवृत्त्या आहेत. 'हेडीज' प्रोटॉनवर मस्त पळतो. 'विचर ३' माझ्या कार्डावर मध्यम ग्राफिक्सवर ठेवावा लागतो, पण ते विंडोजवरही तसंच होतं. कोपऱ्यात फ्रेम्सचा आकडा दाखवणारं 'मँगोहड' लावून मी सुरुवातीला परीक्षकासारखी गुण देत बसायचे. काही गेममध्ये विंडोजपेक्षा चार फ्रेम कमी, एखाद्यात दोन जास्त. आठवड्याभराने आकडा बंद केला आणि खेळायला लागले.

एका गोष्टीची सवय मात्र करावी लागते, ती म्हणजे वाट बघणं. गेम पहिल्यांदा उघडताना किंवा मोठं अपडेट आलं की 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' अशी पट्टी येते. शेडर म्हणजे प्रकाश, सावली, पाणी कसं दिसावं याचे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम. ते आधीच तयार करून ठेवले की ऐन खेळात झटके बसत नाहीत. माझ्या लॅपटॉपवर मोठ्या गेमला या कामात एक चहा उकळून, गाळून, पिऊन होतो. ही पट्टी टाळताही येते, पण मग भर लढाईत अडखळायला होतं. मी चहा निवडते.

दुसरी सवय म्हणजे गेम विकत घेण्याआधी 'प्रोटॉनडीबी' बघणं. कोणाच्या मशीनवर कोणता गेम कसा चालला, याची माहिती खेळणारेच तिथे भरतात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी पदकं मिळतात. जे चालतच नाहीत, त्यांच्यावर 'बोर्क्ड' असा शिक्का. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या कुणीतरी 'मी ही सेटिंग बदलली, मग आवाज आला' असं लिहून ठेवलेलं असतं आणि आपलं काम होतं. सीनियरच्या नोट्सच म्हणा ना.

फसले तेही सांगते. जागा वाचवायला एक गेम मी जुन्या विंडोजच्याच पार्टिशनवर ठेवून मिंटमधून चालवायला गेले. उघडेचना. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं, की विंडोजची फाइल सिस्टीम आणि प्रोटॉन यांचं नीट जमत नाही. गेम लिनक्सच्या पार्टिशनवर हलवला आणि लगेच चालला. एका गेममध्ये कथेचे व्हिडिओ यायच्या ठिकाणी नुसते रंगीत पट्टे दिसत होते. गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी आणि तिथून प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडली. सुटलं.

आणि मग डिसेंबरमधली ती रात्र. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट होत असताना घाईत मीच लॅपटॉपचं झाकण बंद केलं. परत उघडला तर काळी स्क्रीन, डावीकडे वर लुकलुकणारी एक रेघ. सकाळी दहाला फीचर द्यायचं होतं आणि ते त्याच लॅपटॉपमध्ये होतं. त्या क्षणी मला विंडोज, दादा, रेबोल, सगळ्यांचाच राग आला. रडून झाल्यावर कपाटातून पहिल्या दिवशीचा तोच पेन ड्राइव्ह काढला, त्यावरून लॅपटॉप सुरू केला आणि मिंटसोबत येणारं 'टाइमशिफ्ट' उघडलं. त्यात सिस्टीमचे जुने फोटो काढून ठेवलेले असतात असं समजा. दोन दिवसांपूर्वीचा निवडला. वीस मिनिटांत सगळं जागेवर आलं, माझ्या फाइलींना धक्काही लागला नव्हता. रात्रीचे दोन वाजले होते. फीचर वेळेत गेलं. तेव्हापासून तो पेन ड्राइव्ह मी कोणाला सिनेमे द्यायला देत नाही.

दारातला पहारेकरी

हे सगळं जमलं, मग आमच्या टीमचा गेम का जमला नाही?

त्या गेमचं नाव इथे घेत नाही, कारण तो काही एकटा नाही. 'व्हॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही. 'फोर्टनाइट', कॉम्प्युटरवरचा 'पबजी', 'रेनबो सिक्स सीज' हेही नाहीत. 'लीग ऑफ लेजंड्स' आधी चालायचा, २०२४ मध्ये बंद झाला. 'जीटीए ५'ची कथा आरामात खेळता येते, पण सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या ऑनलाइनमध्ये शिरता येत नाही. 'एपेक्स लेजंड्स'ने तर सुरू असलेली सोय २०२४ च्या ऑक्टोबरअखेर काढून घेतली. या सगळ्यांमागे एकच कारण आहे, अँटी-चीट.

अँटी-चीट म्हणजे गेममध्ये कोणी भिंतीपलीकडचं बघत नाहीये ना, आपोआप नेम धरत नाहीये ना, यावर लक्ष ठेवणारा पहारेकरी. चीट बनवणारे सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, लपायला लागले, तसे काही कंपन्यांनी पहारेकरीही तिथेच नेऊन बसवले. विंडोजमध्ये ते जमतं. लिनक्समध्ये गाभा खुला असतो, ज्याचा कॉम्प्युटर तो त्यात हवा तो बदल करू शकतो. आपल्याला ही गोष्ट आवडते आणि पहारेकऱ्याला नेमकी तीच नको असते. एपेक्सच्या टीमने सोय काढताना हेच कारण दिलं होतं, की लिनक्समधून येणारे चीट पकडणं अवघड जातं आणि तिथे खेळणारे थोडे आहेत.

हे म्हणणं पूर्ण चुकीचं आहे असं मला वाटत नाही. आमच्याही मॅचमध्ये चीट करणारे यायचे आणि अख्खी रात्र नासवायचे. पण दुसरी बाजूही आहे. 'इझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालायची सोय दिली. ती वापरायची की नाही, हे गेम बनवणाऱ्याने ठरवायचं असतं. काहींनी वापरली, काहींनी नाही. म्हणजे कुलूप तेच असतं, कुठे उघडतं आणि कुठे नाही. आणि गाभ्यात कोणाला शिरू द्यावं हा प्रश्न फक्त गेमचाही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. आपल्याकडे काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ते सॉफ्टवेअर गेमचं नव्हतं, पण बसलं होतं त्याच खोल जागी.

हे सगळं मी ग्रुपवर समजावून सांगायचा प्रयत्न केला. बेंगळुरूवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'बरं, मग आज येतेस का?' तिथे माझं सगळं ज्ञान संपलं. तंत्रज्ञानाच्या बाजूने मी बरोबर असेन, पण साडेदहाची टीम चारचीच उरली होती. दोन आठवडे त्यांनी वाट बघितली, मग मुंबईवालीच्या ऑफिसमधला एक जण पाचवा झाला. तो चांगला खेळतो म्हणे. माझ्यापेक्षा चांगला, असंही कळलं.

तेव्हा एकदा वाटलं, परत विंडोज टाकून मोकळं व्हावं. पेन ड्राइव्हही तयार केला होता. लायब्ररीतले तीस गेम एका पारड्यात आणि एक 'येताय का' दुसऱ्या पारड्यात. लिनक्सवर काय चालतं याची यादी मी कोणालाही देऊ शकते, पण आपण गेम कोणासोबत खेळतो याचं उत्तर त्या यादीत नसतं. तुमचे मित्र ज्या गेममध्ये असतात, तुमचा कॉम्प्युटर शेवटी त्या गेमसाठीच असतो. मग त्याचे आतले गुण कितीही चांगले असोत.

रविवारचं शेत

मार्ग काढला तो नाशिकवाल्याने. त्याला ना लिनक्सचं प्रेम, ना विंडोजचं. जानेवारीतल्या एका रविवारी त्याने ग्रुपवर टाकलं, 'हिच्या डब्यावर जे चालतं ते सांगा, सगळे तेच खेळू.' मी तीन नावं दिली. 'काउंटर-स्ट्राइक २' लिनक्सवर थेट चालतो, पण एका शूटरवरून उठून दुसऱ्यात बसायला कोणी तयार नव्हतं. 'डीप रॉक गॅलेक्टिक' प्रोटॉनवर छान चालतो, पण त्यात चौघंच मावतात आणि पाचवं कोणीतरी बाहेर बसवायची आम्हाला आता भीती वाटते. उरलं 'स्टारड्यू व्हॅली'. सेलमध्ये सगळ्यांनी घेतलं.

आता दर रविवारी दुपारी आमचं पाच जणांचं एक शेत असतं. नाशिकवाल्याच्या घरी खरीखुरी द्राक्षबाग आहे, तिथे तो कधी फिरकत नाही, पण इथल्या पिकाला रोज पाणी घातलं का म्हणून आम्हाला झापतो. हिंजवडीवाला दिवसभर मासे पकडतो आणि पैसे मात्र सामाईक खात्यातून उडवतो. मुंबईवालीने कोंबड्यांना आमची नावं दिली आहेत. चौघं विंडोजवर, मी लिनक्सवर, आणि शेतात कोण कशावरून आलंय हे कोणालाही दिसत नाही.

आठवड्यातल्या बाकी रात्री तो मेसेज अजूनही पडतो, 'येताय का?' तो माझ्यासाठी नसतो, हे मला माहीत आहे. कधीकधी मी नुसती कॉलवर जाऊन बसते आणि ते खेळत असताना कपड्यांच्या घड्या घालते. परवा मॅच हरल्यावर तो नवीन पाचवा मला म्हणाला, 'ताई, तुमच्या शेतात जागा आहे का?' आहे. आठ जणांपर्यंत चालतं.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर

- आधी तुमच्या ग्रुपचा गेम तपासा. तुम्ही रोज जो ऑनलाइन गेम खेळता, त्याचं अँटी-चीट लिनक्सवर चालतं का, हे 'आर वी अँटी-चीट येट' या यादीत कळतं. एकट्याने खेळायच्या गेमसाठी 'प्रोटॉनडीबी' बघा.

- इन्स्टॉल करायची घाई नको. पेन ड्राइव्हवरून सुरू करून वायफाय, आवाज, ब्लूटूथ आणि टचपॅड चालतात का ते बघा. पेन ड्राइव्हवरचं सगळं आधी पुसलं जातं, त्यामुळे रिकामाच घ्या.

- नवख्यांसाठी लिनक्स मिंट सोपं आहे. खास गेमिंगसाठी बांधलेली बझाइट आणि नोबारा ही फेडोरावर आधारलेली डिस्ट्रोही आहेत.

- बॅकअप, बॅकअप आणि बॅकअप! प्रोजेक्ट, सर्टिफिकेट आणि फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट सुरू करा.

- ग्राफिक्स ड्रायव्हर मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधूनच टाका. आणि तो टाकला जात असताना लॅपटॉपचं झाकण उघडं राहू द्या. हे मी अनुभवावरून सांगतेय.

- गेम फक्त स्टीमवरच असतात असं नाही. एपिक आणि जीओजीवरचे गेम 'हिरोइक गेम्स लाँचर'मधून चालवता येतात. एपिकवर मोफत मिळालेले गेमही त्यात येतात.